उंबरठ्याबाहेर गेलेली सुई

आपल्याकडे घर झाडताना केर आतून बाहेर लोटतात. मराठी घरात केर उंबरठ्याबाहेर गेला आणि कानडी घरात ‘कस’ होस्तिलाबाहेर पडला, की घरच्या बाईचे काम संपले. माझे माहेर मराठी, सासर कानडी. या एका बाबतीत दोन्ही घरांत कधी मतभेद झाला नाही! भाजीची देठे, कांद्याची साले, कागदाचे बोळे यांच्या बाबतीत हे चालूनही जाते. पण त्याच केरात सासऱ्यांच्या इन्सुलिनची सुई असेल, आजोबांच्या पायाच्या जखमेवरची पट्टी असेल, तर उंबरठ्याबाहेर तिचे पुढे काय होते, याचा विचार आपण करतो का?

मी तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका म्हणून काम केले. त्यातली शेवटची काही वर्षे वॉर्डातल्या मावश्यांना, वॉर्डबॉयना आणि नव्याने लागलेल्या मुलींना दवाखान्यातला कचरा वेगळा कसा करायचा, हे शिकवण्यात गेली. शिकवणे अर्धे मराठीत, अर्धे कानडीत. निवृत्तीनंतर महिला मंडळांत, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांत याच विषयावर बोलू लागले, तेव्हा एक प्रश्न हमखास येऊ लागला, “सिस्टर, हा तर दवाखान्यांचा प्रश्न. आम्हा घरच्या बायकांचा त्याच्याशी काय संबंध?” संबंध आहे, आणि तो रोजचा आहे. तोच आज सांगायचा आहे.

चमचाभर विरजण

आधी एक गैरसमज दूर करू. दवाखान्यातून बाहेर पडणारा सगळाच कचरा रोग पसरवणारा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतून निघणाऱ्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा आपल्या घरातल्या केरासारखाच असतो. औषधांची खोकी, कागद, उरलेले अन्न, फळांची साले. उरलेला सुमारे १५ टक्के घातक. त्यात रसायने आणि किरणोत्सारी पदार्थही आले, पण मोठा वाटा संसर्गजन्य कचऱ्याचा. म्हणजे रक्त, पू, थुंकी किंवा शरीरातला इतर स्राव लागलेला कापूस, पट्ट्या, नळ्या, हातमोजे, प्रयोगशाळेत तपासलेले नमुने, शस्त्रक्रियेत काढलेले अवयव, बाळंतपणातली वार, आणि वापरलेल्या सुया, ब्लेड, फुटलेल्या काचा.

मग एवढ्या थोड्या कचऱ्याची एवढी धास्ती कशाला? गृहिणींना हे लगेच समजते. पातेलेभर कोमट दुधात चमचाभर विरजण पडले, की सगळ्या दुधाचे दही होते. तसेच आहे हे. रक्ताने भिजलेला एक बोळा कागदाच्या आणि सालींच्या ढिगात पडला, की तो सगळा ढीग संसर्गजन्य धरावा लागतो. आणि एकदा मिसळलेला कचरा पुन्हा निवडायला कुणाला तरी त्यात हात घालावा लागतो. तांदळातले खडे आपण निवडतो, पण तो खडा बोटात घुसत नाही, सुई घुसते. म्हणून या शास्त्राचे पहिले आणि शेवटचे सूत्र एकच: कचरा जिथे तयार होतो तिथेच, तयार होतो त्याच क्षणी, वेगळा करायचा.

भीती किती, काळजी किती

रोग लागायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. जंतू जिवंत हवा, त्याला शरीरात शिरायला वाट हवी आणि समोरच्या माणसाकडे प्रतिकारशक्ती नको. कचऱ्याच्या डब्याशेजारून गेल्याने एड्स किंवा कावीळ होत नाही. अखंड कातडी हा फार चांगला कोट आहे. पण सुई त्या कोटाला भोक पाडते आणि जंतूला थेट आत नेऊन सोडते.

बाधित रुग्णाला टोचलेली सुई दुसऱ्याला लागली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ३०० मध्ये १. हिपॅटायटिस ‘बी’ या काविळीचे मात्र वेगळे आहे. लस न घेतलेल्या माणसाला ती होण्याची शक्यता १०० मध्ये ६ पासून ३० पर्यंत जाते. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. म्हणजे सोमवारी टाकलेली सुई पुढच्या रविवारीही निरुपद्रवी समजता येत नाही. हिपॅटायटिस ‘सी’वर आता चांगल्या गोळ्या आहेत, पण लस अजून नाही.

सन २००० या एकाच वर्षात दूषित सुया-सिरिंजमुळे जगभर हिपॅटायटिस ‘बी’ची २ कोटी १० लाख, ‘सी’ची २० लाख आणि एचआयव्हीची २ लाख ६० हजार माणसांना लागण झाली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. सुई लहान असते. तिचा हिशोब लहान नसतो.

मावशींचा तळहात

आकडे विसरतात, माणसे विसरत नाहीत. १९९० च्या दशकाच्या अखेरची गोष्ट आहे. मी तेव्हा एका खासगी रुग्णालयात होते. वॉर्डात कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. मराठीशी मराठी, कानडीशी कानडी, आणि रुग्ण कोणत्याही भाषेत कण्हला तरी त्यांना समजायचे. कचऱ्याची पिशवी भरली की तिचे तोंड बांधता यावे म्हणून त्या हाताने दाबायच्या. एका सकाळी दाबताना तळहातात सुई गेली. कोणत्या रुग्णाची, कोणी टाकली, काही पत्ता नाही. मावशींनी हात नळाखाली धरला, पदराला पुसला आणि हसून म्हणाल्या, “एनू आगूदिल्ल, बिड्री.” काही होत नाही, सोडा हो.

कुठल्या वहीत नोंद झाली नाही. कायम नोकरीतल्या आम्हा सर्वांना काविळीची लस दिलेली होती. कंत्राटी माणसांना नव्हती. तीनेक महिन्यांनी मावशींचे डोळे पिवळे झाले. अन्न जाईना, जिना चढवेना. तपासणीत हिपॅटायटिस ‘बी’ निघाला. त्यांनाही गावठी औषध घ्यायचा सल्ला मिळाला, गळ्यात माळ घालायचा सल्ला मिळाला. सुदैवाने मोठ्या माणसांत बहुतेकांचे शरीर हा विषाणू स्वतःच हुसकावून लावते, तसे मावशींचेही झाले. पण दोन महिने घरी बसावे लागले आणि त्या दोन महिन्यांचा पगार मिळाला नाही. सुई टाकणाऱ्याचे काहीच गेले नाही. त्याला तर हे घडल्याचे कधी कळलेही नाही.

या कचऱ्याचा हाच अन्याय आहे. तो करतो एक आणि भोगतो दुसरा. डॉक्टर सुई टोचतात, आम्ही ती हाताळतो, पण तिच्याशी शेवटची गाठ पडते ती सर्वांत कमी पगाराच्या, सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसाची. ती मावशी असते, पौरकार्मिक असतो, नाहीतर भंगार वेचणारे पोर असते.

मोडासा, २००९

आणि कधीकधी टाकलेली सुई परतही येते. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधल्या तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा परिसरात हिपॅटायटिस ‘बी’ची साथ उसळली. शेकडो लोकांना लागण झाली आणि चाळिसांहून अधिक माणसे दगावली. साध्या ताप-खोकल्यासाठी दवाखान्यात इंजेक्शन घेतलेली ही माणसे. चौकशीत दिसले ते असे की तीच ती सिरिंज आणि सुई अनेक रुग्णांना वापरली जात होती. डॉक्टरांना अटक झाली. पुढे राज्यात छापे पडले, तेव्हा गोदामांतून वापरलेल्या सिरिंज, सलाईनच्या नळ्या आणि बाटल्यांचे साठे सापडले. दवाखान्यातून निघालेला प्लास्टिकचा माल भंगारात जात होता आणि त्यातला काही धुऊन-पुसून पुन्हा बाजाराची वाट धरत होता. त्या भागात सरकारला लसीकरणाची मोठी मोहीम घ्यावी लागली.

देशात नियम नव्हते असे नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम जुलै १९९८ मध्येच आले होते. मोडासाची साथ त्यानंतर अकरा वर्षांनी आली. नियम कागदावर असतो. सुई मात्र कुणाच्या तरी हातात असते.

हळदी, केंपु, बिळी, नीली

१९९८ चे नियम बदलून मार्च २०१६ मध्ये नवे नियम आले आणि रंगांची मांडणी सोपी झाली. मी शिकवताना चारही रंग दोन्ही भाषांत म्हणून घेत असे.

पिवळा, म्हणजे कानडीत ‘हळदी’. रक्ताने भिजलेला कापूस, पट्ट्या, प्लास्टर, अवयव, वार आणि मुदत संपलेली औषधे या पिशवीत. यातला बहुतेक कचरा जाळायचा, पण परसातल्या शेकोटीत नव्हे. भट्टीच्या पहिल्या कप्प्यात सुमारे ८०० आणि दुसऱ्यात सुमारे १०५० अंश सेल्सियस तापमान लागते. उघड्यावर जाळले तर जंतू अर्धवट मरतात आणि प्लास्टिकमधून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत जातात. पूर्वी घरी बाळंतपण झाले की सुईण वार खोल खड्डा करून पुरायला लावायची. त्यामागे शहाणपण होते. आजही जिथे भट्टीची सोय पोचत नाही अशा दुर्गम भागात नियम खोल पुरण्याची परवानगी देतात. खड्डा दोन मीटर खोल, अर्धा भरल्यावर वर चुना आणि माती.

लाल, म्हणजे ‘केंपु’. सलाईनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज. हे प्लास्टिक जाळायचे नाही. ते ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर तासभर ठेवायचे. आपल्या कुकरचेच हे थोरले भावंड! मग यंत्रात त्याचे तुकडे करायचे. तुकडे का? तर कुणाला ते धुऊन पुन्हा विकता येऊ नये म्हणून. मोडासाचे उत्तर या लाल पिशवीत आहे.

पांढरा, म्हणजे ‘बिळी’. सुया, ब्लेड, टोकदार सर्व काही. ही पिशवी नसते, डबा असतो. टोचून भोक पडणार नाही आणि एकदा आत गेलेली सुई बाहेर काढता येणार नाही असा. निळा, म्हणजे ‘नीली’, काचेच्या बाटल्या, कुप्या आणि शरीरात बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांसाठी.

याखेरीज पिशव्यांवर बारकोड आला, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये असे ठरले, आणि हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस ‘बी’ आणि धनुर्वाताची लस देणे बंधनकारक झाले. मावशींच्या वेळी हा नियम असता आणि पाळला गेला असता, तर त्यांचे डोळे पिवळे झाले नसते.

आता आपल्या घरात

२०२० साली कोविड आला आणि पिवळी पिशवी प्रथमच सामान्य माणसाच्या दारात दिसली. वापरलेला मास्क कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवावा आणि मगच केरात टाकावा, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची तेव्हाची सूचना होती. साथ ओसरली आणि आपण सगळे विसरलो. पण दवाखाना घरात येण्याचे थांबलेले नाही. आता रुग्ण लवकर घरी पाठवतात. मधुमेह घरोघरी आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजींची लघवीची पिशवी, नाकातली नळी, पाठीच्या जखमेचे ड्रेसिंग, सगळे घरीच होते.

साधा हिशोब करा. दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घेणारा माणूस प्रत्येक वेळी नवी सुई वापरत असेल, तर वर्षाला ७३० सुया होतात. साखर तपासायला बोटाला टोचायच्या सुया वेगळ्या. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना मी विचारले, “काकू, सुई कुठे टाकता?” म्हणाल्या, “अगं, टोपण लावून केराच्या डब्यात. टोपण लावते हो न चुकता!” काकूंचा हेतू चांगलाच होता. पण ती पातळ टोपणे गाडीत दाबताना निघतात, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून सुईचे टोक बाहेर डोकावते. आमच्या गाडीवर येणाऱ्या पौरकार्मिक बाईने मला एकदा आपली बोटे दाखवली होती. “अक्का, सूजी चुच्चितु,” एवढेच ती म्हणाली. मराठीतली ‘सुई’, कानडीतली ‘सूजी’. शब्दांत फरक थोडा, टोचण्यात अजिबात नाही.

काकूंना जे सांगितले तेच तुम्हाला सांगते.

फिनेलची किंवा कपड्यांच्या साबणाची जाड प्लास्टिकची, फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको. तिच्यावर मराठी आणि कानडी दोन्हीत ‘सुई’ लिहा आणि वाचता न येणाऱ्यासाठी सुईचे चित्र काढा. वापरलेली सुई थेट त्यात टाका. हाताने वाकवू नका, मोडू नका. दुसऱ्याला टोचलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायला जाऊ नका. अनेकदा सुया तेव्हाच लागतात. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने पक्के करा. मग आपले डॉक्टर, रक्त तपासणारी प्रयोगशाळा किंवा जवळचे रुग्णालय ती घेईल का ते विचारा. कचऱ्याच्या गाडीत द्यावीच लागली, तर केरात न घालता वेगळी, हातात द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा. घरातल्या सुया आणि सिरिंज हा घातक कचरा आहे आणि तो वेगळा द्यायचा, हे घनकचऱ्याच्या नियमांनी २०१६ सालीच सांगितले होते.

जखमेच्या पट्ट्या, डायपर, सॅनिटरी नॅपकिन कागदात नीट गुंडाळून, वेगळ्या पिशवीत, वर लाल खूण करून द्या. लघवीची पिशवी आधी शौचालयात रिकामी करा. मुदत संपलेली औषधे बेसिनमध्ये ओतू नका. आणि रंगपंचमीला मुले कुठून तरी मिळालेली सिरिंज पिचकारी म्हणून घेऊन धावत असतील, तर आधी ती काढून घ्या, मग रागवा.

मंडप आणि गोठा

आपल्या भागात गणेशोत्सवात, शिवजयंतीला रक्तदान शिबिरे होतात. फार चांगली गोष्ट आहे. रक्तदान आणि लसीकरण शिबिरेही २०१६ च्या नियमांत आली आहेत. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढेच करावे: शिबिर ठरवतानाच रक्तपेढीला विचारावे, की सुया, नळ्या, कापूस परत नेण्याची व्यवस्था काय? संध्याकाळी मंडप उतरवण्याआधी एक फेरी मारून खुर्च्यांखाली पाहावे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी लहान मुले आरतीला अनवाणी येतात.

गावाकडच्या वाचकांसाठी आणखी एक. जनावराला टोचलेली सुई गोठ्याच्या कुडात खोचून ठेवायची सवय असते. गायी-म्हशींच्या गर्भपाताच्या रोगाची जिवंत लस टोचताना तीच सुई माणसाला लागून माणूस आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. पशुवैद्यांना सुया परत न्यायला सांगण्यात संकोच नको.

सुई लागलीच तर

रक्त पिळून काढू नका, बोट तोंडात घालू नका. हळद, चुना, ब्लीचिंग यांपैकी काही चोळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. काविळीची आणि धनुर्वाताची लस, रक्ताची तपासणी हे डॉक्टर ठरवतील. ‘काही होत नाही’ म्हणून घरी बसणे तेवढे करू नका.

हिपॅटायटिस ‘बी’ची लस आता बाळाला जन्मतःच देतात. मोठ्यांना तीन मात्रा लागतात: पहिली, एका महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. आपल्याकडे भांडी घासायला, झाडलोट करायला येणाऱ्या बाईने ती घेतली आहे का, हे एकदा विचारून पाहा. आजारी माणसाचे करायला बाई ठेवली असेल, तर तिच्या लसीचे पैसे पगारातून कापू नका.

मैत्रिणींनो, मोठ्या भट्ट्या आणि यंत्रे सरकारने आणि रुग्णालयांनी बघावीत. आपण तेही विचारत राहिले पाहिजे. पण सगळी यंत्रे तेव्हाच उपयोगी पडतात, जेव्हा पहिला हात सुईला केरापासून वेगळे काढतो. घरात तो पहिला हात आपला असतो. आज संध्याकाळी फिनेलची रिकामी बाटली भंगारात देण्याआधी थांबा. तिच्यावर दोन्ही भाषांत चार अक्षरे लिहा आणि ती औषधांच्या कपाटात, मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवा.